न वटलेला चेक आणि अमेरिकेची गाणी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'अमेरिकेतील निषेधगीते आणि स्वातंत्र्याचा अर्थ' हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी दोघा-तिघांनी मला विचारले, की बँकेतल्या कारकुनाचा या विषयाशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. जमा आणि नावे या दोन रकान्यांत निम्मे आयुष्य गेले. सुरांविषयी अधिकाराने बोलावे अशी माझी योग्यता नाही. पण हा विषय मला सापडला तो काउंटरवरच, आणि त्याला कारण मार्टिन ल्यूथर किंग.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन यांच्या स्मारकासमोर सुमारे अडीच लाख लोक जमले होते. तिथे किंग यांनी केलेले भाषण त्यातल्या स्वप्नाच्या भागामुळे जगभर गाजले. परंतु स्वप्न येते ते भाषणाच्या शेवटी. सुरुवातीला किंग यांनी जी उपमा दिली ती थेट आमच्या खात्यातली आहे. आशय असा, की अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना ही प्रत्येक नागरिकाला लिहून दिलेली वचनचिठ्ठी होती. काळ्या नागरिकांच्या हातात मात्र जो चेक पडला तो 'पुरेशी शिल्लक नाही' असा शेरा मारून परत आला. तो वटवून घ्यायला आम्ही राजधानीत आलो आहोत.

चेक परत गेला की खातेदार काय करतो, हे मी रोज पाहतो. एखादा निमूटपणे घरी जातो. एखादा चेक फाडून टाकतो. पण ज्याला आपला हक्क पक्का ठाऊक असतो, तो म्हणतो, "साहेब, पुन्हा भरा." अमेरिकेतली निषेधगीते मी अशी वाचतो. स्वातंत्र्य मिळाले म्हणून गायलेली ती गाणी नव्हेत. कागदावर लिहून दिलेले स्वातंत्र्य प्रत्यक्ष हातात द्या म्हणून पुन:पुन्हा काउंटरवर ठेवलेला तो चेक आहे. आज मला एवढेच सांगायचे आहे, बाकी सगळे दाखले आहेत.

सुरुवात मूळ वचनापासून करू. १७७६ च्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान आहेत असे लिहिणारे थॉमस जेफरसन आपल्या हयातीत सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते. या गुलामांना लिहिण्या-वाचण्याची बहुतेक ठिकाणी बंदी होती, पण गाण्यावर बंदी घालणे कोणाला जमले नाही. मळ्याचे मालक म्हणत, पाहा, आमची माणसे कशी आनंदात गात आहेत. गुलामगिरीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात या समजाला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की गुलाम सुखात असतो म्हणून गात नाही, दु:ख अतिशय झाले की गातो. त्या गाण्यांत बायबलमधल्या मोझेसची आणि मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांची कथा असे. मालकाला ते भजन वाटे. गाणाऱ्याला स्वत:ची सुटका दिसे. त्या वेळी स्वातंत्र्याचा अर्थ अगदी साधा होता: हे शरीर माझे आहे, माझे मूल बाजारात विकले जाणार नाही.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. १८७० मध्ये घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने वंश वा वर्णावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही असे ठरले. कागद पूर्ण झाला. पण त्याच काळातली एक हकिकत बँकेचा माणूस म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६५ मध्येच मुक्त झालेल्या गुलामांसाठी 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक' या नावाची बचत बँक काढण्यात आली. धुणे धुणाऱ्या बायांनी, शेतमजुरांनी, सैनिकांनी तिच्यात पै-पैसा ठेवला. तिच्यामागे सरकारची हमी आहे, असाच त्यांचा समज होता. प्रत्यक्षात हमी नव्हती. संचालकांनी पैसा भलत्या कर्जांत घातला, १८७३ ची मंदी आली आणि जून १८७४ मध्ये बँकेने दार लावले. एकसष्ट हजारांवर खातेदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. काहींना पुढे थोडेफार परत मिळाले, अनेकांना काहीच नाही. अखेरच्या महिन्यांत बँकेचे अध्यक्ष हेच फ्रेडरिक डग्लस होते. तिला सावरायला त्यांनी स्वत:चे दहा हजार डॉलर घातले होते. किंग यांनी नव्वद वर्षांनी चेकची उपमा दिली, तेव्हा ही घटना त्यांच्या मनात होती की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ज्यांच्या घरात हे घडले होते त्यांना उपमेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता १९३९ हे साल पाहू. या एका वर्षात दोन काळ्या गायिकांनी दोन वेगळ्या रीतीने तोच चेक सादर केला.

मरियन अँडरसन या श्रेष्ठ दर्जाच्या शास्त्रीय गायिका. वॉशिंग्टनमधल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये, म्हणजे घटनेचेच नाव दिलेल्या सभागृहात, त्यांना वर्णामुळे गाऊ दिले नाही. सभागृह ज्या महिला संस्थेचे होते, तिच्या सदस्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या वंशज होत्या. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मरियनबाई लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायल्या. समोर ७५ हजार श्रोते होते. पहिले गाणे त्यांनी निवडले ते देशभक्तीपर, 'अमेरिका'. निषेधाचा एक शब्दही नाही. स्वातंत्र्याची भूमी म्हणून शाळाशाळांतून गायले जाणारे गाणे, जिला दार बंद केले तिच्याच तोंडून लोकांनी ऐकले. चोवीस वर्षांनी किंग बोलले तेही याच पायऱ्यांवर, आणि त्या दिवशीही मरियनबाई तिथे गायल्या.

दुसऱ्या गायिका बिली हॉलिडे. दक्षिणेकडच्या राज्यांत जमाव काळ्या माणसांना पकडून झाडाला फासावर लटकवीत, पोलीस पाहत राहत आणि खटला उभा राहत नसे. या प्रकाराला तिकडे 'लिंचिंग' म्हणतात. न्यूयॉर्कमधल्या एबल मीरोपोल नावाच्या ज्यू शिक्षकाने त्यावर कविता लिहिली, तिला चाल लावली आणि ते 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे बिली हॉलिडे १९३९ मध्ये गाऊ लागल्या. त्यांच्या नेहमीच्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने ते काढायला नकार दिला, तेव्हा एका लहान कंपनीने ती तबकडी काढली. लिंचिंगविरुद्ध केंद्राचा कायदा करण्याचे प्रयत्न त्याआधीपासून चालू होते आणि सिनेटमध्ये अडत होते. असा कायदा प्रत्यक्षात झाला तो २९ मार्च २०२२ रोजी. त्याला १९५५ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचे नाव दिले आहे. गाण्यापासून कायद्यापर्यंत ८३ वर्षे! एवढा वेळ कोणत्याच बँकेत क्लिअरिंगला लागत नाही.

स्वातंत्र्याची मागणी फक्त काळ्यांचीच होती असे नाही. १९४० मध्ये वुडी गथ्री या गोऱ्या, फिरस्त्या गायकाने 'धिस लँड इज युअर लँड' हे गाणे लिहिले. त्या वेळी रेडिओवर सतत वाजणाऱ्या एका देवभोळ्या देशभक्तीगीताला ते उत्तर होते. मंदीत आणि धुळीच्या वादळांत देशोधडीला लागलेले शेतकरी त्याने पाहिले होते. देश तुझा-माझा आहे असे सांगणारी कडवी सर्वांना पाठ आहेत. पण मूळ गाण्यात आणखी दोन कडवी होती. एकात खासगी मालकीची पाटी लावून अडवलेली वाट होती, दुसऱ्यात सरकारी मदतीच्या रांगेत उभे उपाशी लोक होते. शाळेच्या पुस्तकांत गाणे गेले तेव्हा ही कडवी गळाली. गथ्रीचा प्रश्न असा होता, की पोटात अन्न नसेल आणि पाय टेकायला जागा नसेल, तर मला कोणी अडवत नाही या स्वातंत्र्याचे करायचे काय? प्रश्न काढून टाकला आणि गाणे ठेवले. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

आता काही जण म्हणतील, अहो, निदान गाऊ तर दिले ना? घटनेच्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने अमेरिकेत अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, हे खरेच. पण त्याचाही हिशोब तपासू. पॉल रोबसन हे जगप्रसिद्ध गायक. त्यांचे वडील गुलामगिरीतून पळालेले. रोबसन यांनी देशातल्या वर्णभेदाविरुद्ध परदेशांत जाऊन बोलायला सुरुवात केली, त्यांचा कल डावीकडे होता, तेव्हा सरकारने १९५० मध्ये त्यांचा पासपोर्ट रद्द केला. कॅनडात जायला पासपोर्ट लागत नव्हता, तरी तिथेही जाऊ दिले नाही. मग १९५२ च्या मे महिन्यात ते सरहद्दीवर एका ट्रकवर उभे राहून गायले आणि पलीकडे कॅनडाच्या हद्दीत उभ्या असलेल्या हजारो लोकांनी ऐकले. माणसाला सीमेवर थांबवता आले, आवाजाला नाही. पासपोर्ट परत मिळाला १९५८ मध्ये, तोही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर.

पीट सीगर यांना १९५५ मध्ये संसदेच्या चौकशी समितीसमोर बोलावले आणि कोणाच्या सभेत गायलात, तुमची मते काय, असे विचारले. स्वत:विरुद्ध साक्ष देण्यास नकार देण्याची पळवाट घटनेत होती. ती त्यांनी घेतली नाही. माझी मते विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, हवे तर माझी गाणी म्हणून दाखवतो, अशी त्यांची भूमिका. १९६१ मध्ये वर्षभराच्या कैदेची शिक्षा झाली, १९६२ मध्ये अपिलात ती रद्द झाली. तरी मोठ्या टीव्ही कंपन्यांनी त्यांना कितीतरी वर्षे दाराबाहेरच ठेवले.

हेच सीगर ज्या गाण्याच्या प्रसाराशी जोडले गेले ते 'वुई शॅल ओव्हरकम'. आपल्या मुलांनी शाळेत म्हटलेले 'हम होंगे कामयाब' हे त्याचेच हिंदी रूप, गिरिजाकुमार माथुर यांनी केलेले. मूळ चर्चमधले भजन, आणि त्यात होते 'मी'. १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरी सिगार कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य काळ्या स्त्रिया. पावसाळी थंडीत धरणे धरून बसलेल्या या स्त्रियांनी 'मी' च्या जागी अनेकवचन घातले. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर या प्रौढ शिक्षणाच्या शाळेत गेले, तिथून सीगर यांच्याकडे आणि १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या चळवळीत.

इथे आपल्या भाषेचा उपयोग होतो. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. चार्ल्स्टनच्या संपात ते 'आम्ही' होते. मग ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा गावी मताचा हक्क मागायला निघालेल्या सुमारे सहाशे लोकांना पोलिसांनी पुलावर लाठ्यांनी झोडपले. आठ दिवसांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन संसदेत मतदानाच्या कायद्यासाठी बोलायला उभे राहिले आणि भाषणात त्यांनी या गाण्याचे शीर्षकच उच्चारले. टेक्सासचा गोरा राष्ट्राध्यक्ष ते शब्द बोलला, त्या क्षणी 'आम्ही' चे 'आपण' झाले. निदान त्या संध्याकाळपुरते.

या गाण्याचा हिशोबही चोख आहे. त्याचे कॉपीराइट नोंदवले गेले ते मुख्यत: दुसऱ्या कोणी त्याचा धंदा करू नये म्हणून, आणि रॉयल्टी दक्षिणेतल्या काळ्या वस्त्यांच्या कामासाठी एका निधीत जात असे. पुढे कोर्टकचेरी होऊन २०१८ मध्ये गाणे सर्वांसाठी खुले झाले.

गाण्याने प्रत्यक्ष काय होते, असा व्यवहारी प्रश्न विचारणाऱ्यांना मी फॅनी लू हेमर यांचे नाव सांगतो. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरच्या बाई, वीस भावंडांतल्या शेवटच्या. काळ्या माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते, हे १९६२ पर्यंत त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा जण बसने तालुक्याच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले. तिथे राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहायला सांगून नापास करण्यात आले. परतताना पोलिसांनी बस अडवली, कारण काय, तर बसचा रंग चुकीचा! बसमध्ये सगळे धास्तावले होते. तेव्हा हेमरबाईंनी गायला सुरुवात केली आणि बाकीचे साथीला आले. त्याच दिवशी, ज्या मळ्यावर अठरा वर्षे राबल्या तिथून त्यांना हाकलण्यात आले. पुढच्या वर्षी तुरुंगात त्यांना इतके मारले की शरीर कायमचे अधू झाले. पण १९६४ मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात साऱ्या देशासमोर साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. भीती गेल्याशिवाय स्वातंत्र्याला अर्थ नाही, आणि एकट्याची भीती जात नाही, दहाजणांची जाते. गाणे दहाजणांना एका श्वासात आणते. त्याचा उपयोग विचाराल तर एवढाच, आणि तो थोडा नाही.

आकडाच हवा असेल तर तोही देतो. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीत पात्र काळ्या नागरिकांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची मतदार यादीत नोंद होती. १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या जवळ गेली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'स्वातंत्र्य' हा शब्द एकाच पक्षाच्या मालकीचा नाही. किंग यांच्या भाषणाच्या सात महिने आधी, जानेवारी १९६३ मध्ये, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याची शपथ जाहीरपणे घेतली, तीही स्वातंत्र्याचेच नाव घेऊन. त्यांचा अर्थ असा, की केंद्राने आमच्या कारभारात हात घालू नये. मला माझ्या मनासारखे वागू द्या, हा स्वातंत्र्याचा एक अर्थ अमेरिकेत फार खोलवर आहे आणि तो सगळाच खोटा नाही. सीगर समितीसमोर उभे राहिले ते त्याच अर्थाच्या बळावर. पण मला माझ्या मनासारखे वागू द्या, असे म्हणत दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले, की तो शब्द उलटा होतो. गाणी हा फरक पकडतात, कारण ती दाराबाहेर उभी असलेली माणसे गातात.

पुढच्या काळात धाक सरकारचा कमी आणि बाजाराचा जास्त झाला. मार्च २००३ मध्ये, इराक युद्ध सुरू होण्याच्या दहा दिवस आधी, डिक्सी चिक्स या लोकप्रिय त्रयीतल्या गायिकेने लंडनच्या कार्यक्रमात सांगितले, की राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. सरकारने केसालाही धक्का लावला नाही. पण रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली आणि लोकांनी सीडी चिरडल्या. पहिली दुरुस्ती सरकारचा हात धरते, गिऱ्हाइकाचा आणि कंपनीचा नाही. या गायिकांनी २००६ मध्ये गाण्यातूनच उत्तर दिले आणि पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी पारितोषिके मिळवली. १९८४ मध्ये बाजाराने दुसरे अस्त्र वापरले होते, कौतुकाचे. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 'बॉर्न इन द यूएसए' हे व्हिएतनामहून परतलेल्या बेकार सैनिकाचे गाणे. त्याचे धृपद तेवढे ऐकून लोकांनी ते विजयगीत ठरवले, आणि निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे असे सांगून टाकले. कडवी गाळायची आणि चाल ठेवायची, हीच ती मघाची युक्ती.

पण गाळलेली कडवी परतही येतात. १८ जानेवारी २००९ रोजी, बराक ओबामा यांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, ८९ वर्षांचे पीट सीगर याच स्प्रिंगस्टीनला सोबत घेऊन लिंकन स्मारकावर गायले. गाणे गथ्रीचे, आणि पाटीचे कडवे, रांगेचे कडवे, दोन्ही म्हटली. त्यानंतर सगळे आलबेल झाले असे समजू नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्यातले एक महत्त्वाचे कलम निकामी केले. त्या कलमामुळे, जुना भेदभाव करणाऱ्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. म्हणजे जमा झालेली रक्कम पुन्हा खात्यातून वळती झाली. २०१५ मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध रस्त्यावर आलेली मुले केंड्रिक लमारचे 'ऑलराइट' म्हणत होती. चाल नवी, ठेका नवा, पण काउंटरवर ठेवलेला चेक तोच.

मित्रहो, हे सगळे आपल्याला परके नाही. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात 'ब्लॅक पँथर' पक्ष निघाला आणि १९७२ मध्ये मुंबईत तरुण मराठी कवी-लेखकांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या आवाजाने मैदाने कशी भरत, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी मुलखात असताना ऐकलेले आहे. पण आज आपल्या कार्यक्रमांतून आपण ही गाणी कशी म्हणतो? 'हम होंगे कामयाब' म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो. ते कोणी म्हटले, कशासाठी म्हटले, त्यांनी काय मागितले होते, ते मिळाले की नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. कडवी गाळण्याचे काम आपणही करतो, फक्त आपल्याला त्यासाठी कात्री लागत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. पंधरा ऑगस्टच्या आणि सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात जे गाणे होईल, त्याच्याआधी दोन मिनिटे एका मुलाने किंवा मुलीने उभे राहून सांगावे, की हे गाणे कोणाचे, त्यांची मागणी काय होती आणि त्यातले आज काय बाकी आहे. आमच्याकडे दिवस संपताना कॅश जुळवल्याशिवाय कोणी घरी जात नाही. स्वातंत्र्याच्या दिवशी गाणे म्हणून घरी जाण्यापूर्वी बाकी काय राहिले ते मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे.